बाऊ झाला, बाऊ केला



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर बालवाडी चालवली. म्हणून मी सुरुवात बालवाडीतल्याच एका शब्दाने करते. तो शब्द ‘बाऊ’. पडलं, खरचटलं, मुंगी चावली की दीड-दोन वर्षांचं मराठी मूल येऊन सांगतं, ‘बाऊ झाला.’ दुखण्यासाठी त्याच्याजवळ असलेला हा पहिला शब्द, पुष्कळदा एकुलता एक. आता हाच शब्द आपण मोठी माणसं कसा वापरतो पाहा. ‘उगीच बाऊ करू नकोस.’ मुलाच्या तोंडी ज्याचा अर्थ दुखणं, आपल्या तोंडी त्याचाच अर्थ दुखण्याचं अवडंबर. मूल म्हणतं ‘झाला’. आपण म्हणतो ‘केला’.

तीस वर्षांहून जास्त काळ मी दिल्लीत लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करते आहे. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली. आपल्याला मुलाचं रडणं सहन होत नाही, आणि आपण रडणं थांबवण्याच्या मागे लागतो. दुखणं थांबतं की नाही, हे पाहायचं राहून जातं. गप्प झालेल्या मुलाला आपण बरं झालेलं मूल समजतो. आज मला बोलायचं आहे ते या गप्प मुलांबद्दल.

पहिलं गप्प मूल अमेरिकेतलं. १९८५ साली वॉशिंग्टनमध्ये जेफ्री लॉसन नावाचं बाळ दिवस भरण्याच्या फार आधी जन्माला आलं. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी बंद करायला त्याची छाती उघडून शस्त्रक्रिया झाली. त्याला हालचाल करता येऊ नये असं, स्नायू लुळे पाडणारं औषध दिलं होतं. भूल दिली नव्हती. दुखणं कमी करणारं काहीही दिलं नव्हतं. काही आठवड्यांनी ते बाळ गेलं. त्याच्या आईला, जिल लॉसनला, हे नंतर कळलं. तिने पत्रं लिहिली, प्रश्न विचारले, आणि १९८६ साली ते वर्तमानपत्रात आलं. तेव्हा लोकांना समजलं की त्या बाळाच्या बाबतीत कुणी चुकलं नव्हतं. त्या काळी अनेक ठिकाणी हीच रीत होती.

अशी रीत कशी पडली असेल? डॉक्टर क्रूर होते का? मुळीच नाही. त्यांना शिकवलंच होतं की नवजात बाळाच्या नसांवरचं आवरण पुरतं तयार झालेलं नसतं, त्यामुळे दुखल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. १९४१ साली मर्टल मॅकग्रॉ या अमेरिकी संशोधक बाईंनी तान्ह्या मुलांना टाचणी टोचून त्यांच्या हालचाली टिपल्या होत्या. त्यावरून पुढच्यांनी अर्थ काढला की बाळ हलतं ते नुसत्या प्रतिक्षेपाने. शिवाय एवढ्याशा जिवाला भूल दिली तर तो दगावेल, ही भीती होतीच, आणि तेव्हाची औषधं पाहता ती अगदीच निराधारही नव्हती. पण मोठ्या माणसालासुद्धा ठणका पोचवणाऱ्या पुष्कळशा बारीक नसांवर ते आवरण नसतंच! मग तुम्हाआम्हाला ठणकतं कसं? हा साधा प्रश्न विचारायला फार वर्षं गेली.

हा प्रश्न ज्यांनी धसाला लावला ते डॉ. कंवलजीत आनंद आपल्या इंदूरचे विद्यार्थी. इंदूर म्हटलं की इथल्या निम्म्या सभागृहाचं कुणी ना कुणी तिथे असणार, म्हणून मुद्दाम सांगते. महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते ऑक्सफर्डला गेले. शस्त्रक्रियेनंतर परत येणारी अपुऱ्या दिवसांची बाळं इतकी खालावलेली का असतात, हे त्यांना खुपत होतं. १९८७ साली त्यांनी दाखवून दिलं की शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कितीतरी कमी राहतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. एका भारतीय तरुण डॉक्टरच्या या कामाने जगभरच्या शस्त्रक्रियागृहांतली रीत बदलली. पुढे २०१५ साली ऑक्सफर्डमध्येच दहा नवजात बाळं आणि दहा मोठी माणसं यांचे मेंदू तपासले गेले. पायाला हलकं टोचल्यावर मोठ्यांच्या मेंदूचे जे वीस भाग जागे झाले, त्यातले अठरा बाळांच्याही मेंदूत जागे झाले. उलट, वेदनेला वरून आवर घालणारी मेंदूची यंत्रणा बाळात कच्ची असते. म्हणजे बाळाला कमी दुखतं हे तर खोटंच, काही वेळा त्याला जास्तच दुखत असावं.

इथे मला माझंही सांगितलं पाहिजे. शिकाऊ डॉक्टर असताना एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मी कित्येक बाळांच्या पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. आया बाहेर, आत मी आणि बाळाला घट्ट वाकवून धरणारी एक सिस्टर. जागा बधिर करायचं औषध कपाटात होतं. मी ते क्वचितच वापरलं. घाई होती, रांग होती, आणि ‘त्याला कुठे आठवणार आहे’ हे वाक्य तोंडपाठ होतं. त्या बाळांची मी अपराधी आहे. आणि त्याला आठवत नाही, हेही खरं नव्हतं. १९९७ साली कॅनडात दिसून आलं की जन्मल्यावर लगेच, बधिर न करता सुंता झालेली मुलं चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा जास्त विव्हळतात. मुलाला प्रसंग आठवत नसेल, त्याच्या शरीराला आठवतो.

मग ओळखायचं कसं? ज्याला बोलता येत नाही त्याचं दुखणं वाचायचं कुठे?

चेहऱ्यावर. भुवया खाली ओढलेल्या, डोळे गच्च मिटलेले, नाकापासून ओठांच्या कडेपर्यंत खोल रेघ, तोंड ताणून चौकोनी झालेलं. भुकेच्या रडण्यात हे सगळं एकत्र सहसा येत नाही. आज्यांना हे पुस्तकाशिवाय कळतं. रुग्णालयात मात्र अंदाजावर चालत नाही, म्हणून आम्ही पाच गोष्टी पाहतो: चेहरा, पाय, अंगाची हालचाल, रडणं, आणि कुशीत घेतल्यावर मूल शांत होतं का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, बेरीज दहापैकी. जसा ताप मोजायचा तसं दुखणंही मोजायचं आणि लिहून ठेवायचं. चार-पाच वर्षांच्या पुढच्या मुलाला सहा चेहऱ्यांचं चित्र दाखवतात. तेही जपून. एका मुलीने हसरा चेहरा निवडला, आणि विचारल्यावर म्हणाली, ‘मला असं व्हायचंय.’ एका मुलाला भयंकर दुखत होतं, तरी अश्रू असलेला चेहरा त्याने नाकारला, कारण ‘मी रडत नाहीये ना’.

पण यात फसगत करणारी मुलं असतात ती वेगळीच. फार लवकर जन्मलेलं बाळ दुखून दुखून थकलं की रडत नाही, सैल पडतं. दोन वर्षांचं मूल खेळायचं थांबतं, एवढंच. ज्या मुलाला बोलताच येत नाही, बौद्धिक अपंगत्व आहे, त्याचं दुखणं कधी स्वतःला चावण्यात दिसतं, कधी झोप उडण्यात, कधी फक्त आईच्या ‘आज हा वेगळा आहे’ या वाक्यात. वेदनेच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत २०२० साली सुधारणा झाली, तेव्हा स्पष्ट नोंदवलं गेलं की सांगता न येणं म्हणजे वेदना नसणं नव्हे. त्या आईचं वाक्य केसपेपरवर जसंच्या तसं लिहावं, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते.

आणि आपल्या विदर्भातली मुलं! गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल घरोघरी ठाऊक आहे. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि ज्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो ते आतून ठणकू लागतं. तान्ह्या बाळात हातापायांचे पंजे सुजतात, हेच कधी कधी पहिलं लक्षण. थंडी आणि अंगातलं पाणी कमी होणं, ही दोन्ही ठणका उठवायला पुरेशी. वडिलांची बदली झाली म्हणून चंद्रपूरचं असं मूल दिल्लीच्या जानेवारीत येऊन पडलं तर त्याचं काय होत असेल? मी असा एक नऊ वर्षांचा मुलगा पाहिला आहे. तातडीच्या विभागात तो भिंतीला टेकून मोबाइलवर खेळत होता. किती दुखतंय विचारलं तर म्हणाला, ‘नऊ.’ तरुण डॉक्टर हळूच मला म्हणाला, ‘मॅम, नऊ लगता तो नहीं.’ नऊ कसं दिसायला हवं होतं? ज्या मुलाला वर्षातून चार वेळा असं दुखतं, ते ओरडायचं कधीच सोडून देतं. खेळात मन गुंतवणं हाच त्याने स्वतःपुरता शोधलेला उपाय असतो. त्याला आपण ढोंग समजलो तर पुढच्या वेळी तो येणारच नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. तपासण्या होताहेत, चांगलं आहे. पण तपासणीचं कार्ड हातात असलेल्या मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवायला वेगळं अभियान कोण काढणार?

आता उपायांकडे वळते. सगळ्यात स्वस्त उपाय आईजवळ आहे. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात दीड महिन्याच्या बाळाला एका दिवशी तीन सुया टोचतात, दोन लसी तोंडाने देतात. आपण काय करतो? बाळाला टेबलावर आडवं करतो, कुणीतरी पाय दाबून धरतं, आणि आई दाराकडे तोंड करून उभी राहते, तिला बघवत नाही म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली याच्या बरोबर उलट सांगितलं. बाळाला आईने अंगाशी धरावं, टोचण्याच्या आधीपासून पाजायला घ्यावं आणि टोचतानाही पाजत राहावं. सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून बघू नये. सगळ्यांत झोंबणारी लस शेवटी द्यावी. याला पैसा लागतो का? लागते एक खुर्ची. बारशाच्या सुमारास सोनाराकडून कान टोचून घेता, तेव्हाही हेच करा. आधी पाजायला घ्या, मग टोचू द्या. रुग्णालयात टाचेतून रक्त काढण्याच्या दोन मिनिटं आधी बाळाच्या जिभेवर गोड द्रावणाचे थेंब देतात, त्याचाही उपयोग होतो. मात्र घरी मध चाटवू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातक ठरू शकतो.

याच शहरातल्या सफदरजंग रुग्णालयाची गोष्ट अभिमानाने सांगावी अशी आहे. एक ते पावणेदोन किलोच्या आसपासची बाळं जन्मल्याबरोबर काचेच्या पेटीत जायची आणि आया दुसऱ्या वॉर्डात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतल्या एका अभ्यासात सफदरजंग होतं. तिथे आईची खाटच अतिदक्षता विभागात आणली, बाळ तिच्या उघड्या छातीवर ठेवलं. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू पंचवीस टक्क्यांनी घटले होते. तो अभ्यास जगण्या-मरण्याचा होता, वेदनेचा नव्हता. पण आईच्या छातीवर असताना टोचलेली सुई बाळाला कमी दुखते, हे इतर अभ्यासांतून माहीत आहे. ज्या दारावर ‘आत येऊ नये’ लिहिलेलं असायचं, ते दार दिल्लीच्या सरकारी रुग्णालयात आईला उघडलं, याचं मोल फार आहे.

औषधांबद्दल थोडक्यात. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं, एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत. दहा किलोच्या मुलाला १५०. पण बाजारातल्या एका सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्याच्या पाच मिलिलिटरमध्ये २५०. म्हणून ‘एक चमचा दे’ हे फोनवरचं वाक्य धोक्याचं आहे. बाटली वाचा, मापाचं झाकण वापरा. पावसाळा सरताना दिल्लीत डेंग्यू येतो, तेव्हा तापात आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्या देशात २०११ पासून बंद आहे. घरात जुनी पट्टी पडली असेल तर फेकून द्या.

पण पॅरासिटामॉलने न भागणारं दुखणं असतं. हाडाचा कर्करोग, भाजणं, सिकलसेलचा मोठा ठणका. तिथे अफूपासून होणारं मॉर्फिन लागतं. आणि इथे आपला इतिहास मन खिन्न करतो. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्या बाळाला अफूची बाळागोळी देऊन जायच्या. बाळाला काही दुखत नसायचं. आईला पाळीवर जायचं असायचं आणि बाळ गप्प राहायला हवं असायचं. त्या मायांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण जिथे दुखत नव्हतं तिथे आपण अफू दिली, आणि जिथे असह्य दुखतं तिथे नाकारली. अमली पदार्थांचा कडक कायदा १९८५ चा. तो अमलात आला ती तारीख १४ नोव्हेंबर, बालदिन. हेतू योग्य होता, पण परवान्यांच्या जंजाळाला कंटाळून आणि शिक्षेच्या भीतीने औषधांच्या दुकानांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. आपल्या नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया होत राहिली, देशाबाहेर जात राहिली, आणि इथे कर्करोगाची मुलं रात्र रात्र कण्हत राहिली. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन नियम सुटसुटीत झाले. भीती मात्र गेलेली नाही. ‘मुलाला सवय लागेल का?’ हा प्रश्न मला बाप विचारतात, आणि डॉक्टरही विचारतात. कर्करोगाच्या दुखण्यासाठी, मोजून, देखरेखीखाली दिलेलं मॉर्फिन मुलाला व्यसनी करत नाही. ते त्याला झोपू देतं, आईशी बोलू देतं. दिल्लीत कॅनसपोर्ट ही १९९६ साली स्थापन झालेली संस्था अशा रुग्णांच्या घरी जाते. कॅनकिड्स २००४ पासून कर्करोगाच्या मुलांसाठी काम करते. कुणाच्या घरी अशी वेळ आली असेल तर त्यांच्याकडे उशिरा जाऊ नका. शेवटची घटका आल्यावरच जायचं, असा या सेवेचा अर्थ नाही.

राहिली मोठी मुलं. तेरा ते अठरा. यांच्याबद्दल मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते, कारण यांना शब्द येतात आणि तरी ती बोलत नाहीत.

सकाळी शाळेच्या वेळी पोटात दुखतं, रविवारी दुखत नाही. आपण म्हणतो, नाटक. १९५८ साली जॉन अ‍ॅप्ली आणि नोरा नैश यांनी इंग्लंडमध्ये शाळकरी मुलं तपासली, तर दहातल्या एकाचं पोट असं वारंवार दुखत होतं आणि बहुतेकांत कुठला रोग सापडत नव्हता. सोनोग्राफीत काही निघालं नाही, याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही. मेंदू आणि आतडं यांच्यातली वाट हळवी झालेली असते. तिथे जास्त तपासण्यांनी काही साधत नाही. झोप, चालणं-खेळणं, शाळेत हळूहळू परतणं आणि मनाशी बोलणारा जाणकार, यांचा उपयोग होतो. आपल्या नोएडा-गुरुग्रामच्या कोचिंगमधली डोकेदुखी यातलीच. मुलीला पाळीत दुखलं तर आई म्हणते, आम्हीही सहन केलं. का केलंत? दर महिन्याला शाळा बुडते इतकं दुखणं हे बाईपणाचं देणं नाही. पहिल्या कळेलाच घेतलेल्या साध्या गोळीने बहुतेकींचं भागतं, आणि ज्यांचं भागत नाही त्यांना तपासायला हवं.

आणि मुलगे. ‘मुलगा असून रडतोस?’ हे ऐकत वाढलेल्या मुलाला एक दुखणं असं येऊ शकतं, ज्यात लाजेपोटी गेलेला वेळ परत मिळत नाही. वृषणाला अचानक पीळ पडतो, रक्तपुरवठा तुटतो. मुलगा सांगतो ‘पोटात दुखतंय’, कारण खरी जागा सांगायची लाज वाटते. उलटी होते, घरचे अपचन समजतात, ओवा देतात, सकाळ होऊ देतात. दुखायला लागल्यापासून साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर तो अवयव बहुधा वाचतो. सकाळपर्यंत थांबलं तर बहुधा काढून टाकावा लागतो.

इथे बसलेल्या बापांना आणि काकांना माझी विनंती आहे. आज घरी गेल्यावर आपल्या बारा ते अठरा वर्षांच्या मुलाला बाजूला घेऊन हे एवढं सांगा, जागेचं नाव घेऊन सांगा. आणि म्हणा, रात्री दोन वाजता दुखलं तरी मला उठव, मी चिडणार नाही.